ब्रेकमधील दोष : नियम, तपासणी आणि उत्तरदायित्व



"ब्रेक फेल झाला" हे तीन शब्द अवजड वाहनाच्या अपघाताच्या बातमीत इतक्या वेळा येतात की, त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. अपघाताचे कारण सापडले असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात या तीन शब्दांनंतरच खरे प्रश्न सुरू होतात. ब्रेकचा कोणता भाग निकामी झाला? तो दोष आधी दिसण्याजोगा होता काय? वाहनाचे पासिंग झाले तेव्हा तो होता काय? दोष माहीत असताना वाहन रस्त्यावर कोणी आणले? मालवाहू वाहनांच्या तपासणीचे नियम याच प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आहेत. मात्र ते एका ठिकाणी लिहिलेले नाहीत. अधिनियमाच्या निरनिराळ्या कलमांत, केंद्रीय नियमांत आणि भारतीय मानकांत ते विभागलेले असल्याने त्यांच्याविषयी गैरसमज अधिक आहेत.

हा विषय समजून घेण्यासाठी जयपूर हे योग्य ठिकाण आहे. दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, अजमेर, उदयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे व कोल्हापूर असा दक्षिणेकडे जातो. राष्ट्रीय महामार्ग ५२ सीकर, जयपूर, टोंक, कोटा, इंदूर या मार्गाने धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि सोलापूरपर्यंत येतो. किशनगढचा संगमरवर आणि कोट्याची फरशी या दोन रस्त्यांनी महाराष्ट्रातील घरांपर्यंत पोहोचते. जयपूरच्या रस्त्यावर चाललेल्या ट्रकचा ब्रेक हा म्हणून केवळ राजस्थानचा प्रश्न राहत नाही.

दोन अपघात, एक प्रश्न

३ नोव्हेंबर २०२५ रोजी जयपूरच्या हरमाडा भागात, लोहामंडी परिसरात, एका भरधाव डंपरने रस्त्यावरील अनेक वाहनांना चिरडले. दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. त्यानंतर चालकाच्या मद्यप्राशनाचा मुद्दा पोलिसांच्या माहितीतून पुढे आला.

त्याच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर, पुण्यातील नवले पुलाजवळ, २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका ट्रकने तब्बल ४८ वाहनांना धडक दिली. तेथेही पहिली बातमी ब्रेक निकामी झाल्याची होती. प्राथमिक तपासात मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद करून वाहन न्यूट्रलमध्ये सोडल्याचे समोर आले. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा तो लांब उतार अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी याच भागात पुन्हा प्राणघातक अपघात झाला.

दोन्ही घटनांचा बोध एकच आहे. ब्रेक न लागणे आणि ब्रेकमध्ये दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली ही घटना आहे. दुसरी ही तपासून सिद्ध करावयाची स्थिती आहे. हा फरक स्पष्ट झाल्याखेरीज नियमांचा अर्थ लागत नाही.

अवजड वाहनाचा ब्रेक कसा चालतो

मोटारगाडीत पायाचा दाब द्रवाच्या साहाय्याने चाकापर्यंत जातो. अवजड ट्रकमध्ये हे काम दाबाखालील हवा करते. इंजिनवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत साठवतो. चालकाने पेडल दाबले की ही हवा प्रत्येक चाकाजवळील ब्रेक चेंबरमध्ये जाते. तेथील दांडा पुढे सरकतो, स्लॅक अ‍ॅडजस्टर नावाचा तरफेसारखा भाग फिरतो आणि लायनर लावलेले ब्रेक शू फिरत्या ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर दाबले जातात. घर्षणाने वेग कमी होतो व वाहनाची गतिज ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते.

या रचनेतून तीन महत्त्वाच्या बाबी निघतात. पहिली बाब हवेची. इंजिन बंद केले तर कॉम्प्रेसर थांबतो. टाकीत साठलेली हवा वारंवार ब्रेक लावल्याने संपत जाते व भरून येत नाही. शिवाय वाहन न्यूट्रलमध्ये असेल तर इंजिनच्या रोधाने वेग आवरण्याची सोयही नाहीशी होते. थोडे डिझेल वाचविण्यासाठी केलेली ही युक्ती निर्दोष ब्रेकलाही निरुपयोगी करते.

दुसरी बाब उष्णतेची. उदाहरणादाखल २८.५ टन वजनाचा ट्रक शेकडा ५ उताराच्या ४ किलोमीटर रस्त्यावरून एकाच वेगाने खाली येतो असे मानावे. तो २०० मीटर उंची गमावतो. या उतरणीत मुक्त होणारी ऊर्जा सुमारे ५.६ कोटी ज्यूल, म्हणजे अंदाजे १७८ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. यातील काही भाग हवेचा व टायरचा रोध घेतो. उरलेला इंजिनने घ्यावयाचा की ब्रेकने, हे चालकाच्या गिअरवर ठरते. सारा भार ब्रेकवर टाकल्यास ड्रम व लायनर इतके तापतात की घर्षण घटते आणि पेडल दाबूनही वेग कमी होत नाही.

तिसरी बाब समायोजनाची. लायनर झिजले की शू व ड्रम यांमधील अंतर वाढते आणि दांड्याला अधिक सरकावे लागते. त्याच्या सरकण्याला मर्यादा आहे. सपाट रस्त्यावर असा ब्रेक पुरेसा लागतो व चालकाला शंकाही येत नाही. घाटात ड्रम तापून प्रसरण पावला की अंतर आणखी वाढते, दांडा शेवटापर्यंत जातो आणि ब्रेक लागत नाही. सपाटीवर लपणारा व उतारावर प्रकटणारा हा दोष ओळखण्यासाठी ब्रेक मोजावा लागतो. केवळ लावून पाहणे पुरत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हवा गळाली की ट्रक आवरत नाही, असे सरसकट म्हटले जाते. ज्या वाहनांत पार्किंग ब्रेक स्प्रिंगवर चालतो, तेथे हवेचा दाब स्प्रिंगला मागे रोखून धरतो. दाब फार कमी झाला की स्प्रिंग सुटते व ब्रेक आपोआप लागतो. सुस्थितीतील स्प्रिंग ब्रेक ही म्हणूनच सुरक्षिततेची शेवटची तटबंदी होय.

वैधानिक चौकट

यांत्रिक शक्तीवर चालणारी वाहने हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील समवर्ती सूचीत, नोंद ३५ मध्ये आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा संसदेचा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्यापूर्वी १९१४ व १९३९ चे कायदे होते. अधिनियमाच्या कलम ११० नुसार वाहनांची बांधणी, साधनसामग्री व देखभाल यांविषयी नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि त्यात ब्रेकचा उल्लेख आहे. या अधिकारातून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आले. तपासणीची यंत्रणा मात्र राज्यांच्या परिवहन विभागांकडे आहे. महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ आणि राजस्थान मोटार वाहन नियम, १९९० हे राज्यांचे नियम त्यांच्या कक्षेतील बाबींना लागू होतात. थोडक्यात, ब्रेक कसा असावा हे केंद्र ठरवते आणि तो तसा आहे की नाही हे राज्याचा अधिकारी पाहतो.

केंद्रीय नियमांतील नियम ९६ हा ब्रेकविषयीचा मूळ नियम होय. वाहनाला पायाने चालणारा सेवा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व कार्यक्षम यंत्रणा असाव्यात, तसेच त्या सदैव योग्य रीतीने जोडलेल्या व सुस्थितीत असाव्यात, अशी त्याची अपेक्षा आहे. तांत्रिक कसोट्यांसाठी आयएस ११८५२ या भारतीय मानकाचा आधार घेतला जातो. 'सदैव' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कर्तव्य पासिंगच्या दिवसापुरते नाही. वाहन रस्त्यावर असेल त्या प्रत्येक दिवसाचे आहे.

तपासणीचे चार टप्पे

ब्रेकमधील दोषाचा विचार कायदा चार वेगवेगळ्या वेळी करतो. विद्यार्थ्यांनी हे टप्पे एकमेकांत मिसळू नयेत.

पहिला टप्पा निर्मितीचा. नवे प्रतिरूप बाजारात येण्यापूर्वी नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थांकडून त्याला मान्यता घ्यावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक. मूळ बांधणीतच दोष आढळल्यास वाहने परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ द्वारे करण्यात आली. हा निर्मात्याच्या उत्तरदायित्वाचा टप्पा आहे.

दुसरा टप्पा नियतकालिक तपासणीचा, म्हणजेच पासिंगचा. कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र नसलेले परिवहन वाहन वैधरीत्या नोंदणीकृत मानले जात नाही. प्रमाणपत्र संपणे ही केवळ कागदाची उणीव नाही. त्याने नोंदणीच्या वैधतेलाच बाध येतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर नियम ६२ मध्ये आठ वर्षांपर्यंतच्या वाहनांना दोन वर्षांसाठी व त्याहून जुन्या वाहनांना एका वर्षासाठी नूतनीकरण अशी रचना आली. वाहन नियमांचे पालन करीत नाही अशी खात्री झाल्यास कारणे लेखी नोंदवून प्रमाणपत्र मुदतीपूर्वीही रद्द करता येते.

तिसरा टप्पा रस्त्यावरील तपासणीचा. येथे कलम १९० लागू होते. वाहन सार्वजनिक ठिकाणी वापरणे धोकादायक असेल तर कलम ५३ नुसार, मालकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन, दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करता येते.

चौथा टप्पा अपघातानंतरचा. कलम १३६ नुसार अधिकृत व्यक्तीला अपघातग्रस्त वाहनाची तपासणी करता येते. ब्रेक निकामी झाला होता की नाही, याचा पहिला तांत्रिक पुरावा येथे तयार होतो. टाकीतील दाब, दांड्याचे सरकणे, लायनरची जाडी, ड्रमवरील तापाच्या खुणा आणि गिअरची स्थिती या बाबी त्याच वेळी नोंदविल्या गेल्या नाहीत तर पुढे केवळ तर्क उरतो.

'दोष' कशाला म्हणावे?

कलम १९० चे पहिले उपकलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. ज्या दोषामुळे वाहन चालविणे व्यक्तींना व अन्य वाहनांना धोक्याचे ठरेल, असा दोष असलेले वाहन जो चालवितो, किंवा चालवावयास लावतो, किंवा चालवू देतो, तो अपराधी ठरतो. दोष त्याला माहीत असला पाहिजे किंवा सर्वसाधारण काळजी घेतल्यास कळण्याजोगा असला पाहिजे.

यातून तीन निष्कर्ष निघतात. एक, जबाबदारी फक्त चालकाची नाही. दोष ठाऊक असून गाडी बाहेर काढावयास लावणारा मालकही तितकाच उत्तरदायी आहे. दोन, "माहीत नव्हते" हा बचाव पुरेसा नाही. साधी काळजी घेतली असती तर कळले असते काय, हे पाहिले जाते. तीन, सर्वच दोष या उपकलमात येत नाहीत. वाहन धोकादायक करणारा दोष येतो. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दंडाची रक्कम २५० वरून १,५०० रुपये झाली. अशा दोषामुळे अपघात होऊन शारीरिक इजा वा मालमत्तेची हानी झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अडचण तिसऱ्या निष्कर्षात आहे. कोणता दोष किती धोकादायक, याची श्रेणी कलमात नाही. सहा चाकांच्या ब्रेकपैकी एकाचे समायोजन बिघडले असेल तर ट्रक जागीच थांबवावा की दंड आकारून जाऊ द्यावा, हे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोपविलेले आहे. विवेक आवश्यक असतो. परंतु मोजमापाचा आधार नसलेला विवेक एका नाक्यावर कठोर व पुढच्या नाक्यावर सैल होतो.

अन्य देशांची पद्धत

अमेरिकेत याचे उत्तर संख्येने दिलेले आहे. तेथील संघीय नियमांनुसार समायोजन बिघडलेला एक ब्रेक हाही नियमभंगच होय व त्याची नोंद होते. वाहन जागीच थांबविण्यासाठी मात्र वेगळी कसोटी आहे. कमर्शियल व्हेइकल सेफ्टी अलायन्स ही अमेरिका, कॅनडा व मेक्सिकोतील तपासणी यंत्रणांची संघटना ती ठरवते. सदोष ब्रेकची संख्या एकूण सेवा ब्रेकच्या २० टक्के किंवा अधिक झाली की वाहन सेवेबाहेर काढले जाते. १० ब्रेक असलेल्या जोडवाहनात २ ब्रेक सदोष ठरले की ही मर्यादा गाठली जाते. ६ ब्रेकच्या वाहनात २० टक्के म्हणजे १.२, म्हणून तेथेही २ ब्रेक लागतात. दांड्याचे सरकणे मर्यादेपेक्षा पाव इंच किंवा अधिक असेल तर तो एक सदोष ब्रेक आणि त्याहून कमी असेल तर अर्धा, असे मोजले जाते. सुकाणूच्या पुढील चाकांचा नियम याहून कडक आहे. तेथील ब्रेक चालतच नसेल तर टक्केवारीची वाट पाहिली जात नाही. नियमभंग आणि वाहन थांबविण्याइतका धोका यांतील हा भेद तेथील वाहनधारकांनाही नेहमी समजावून सांगावा लागतो.

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशांत किरकोळ, मोठे व धोकादायक अशा तीन श्रेणी केल्या. एकाच आसावरील दोन चाकांपैकी एकाचे ब्रेकबल दुसऱ्याच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर तो मोठा दोष. पुढील, सुकाणूच्या आसावर ते ५० टक्क्यांहून कमी असेल तर धोकादायक दोष. डावीकडे २,००० आणि उजवीकडे १,३०० किलोग्रॅम इतके बल असेल तर प्रमाण ६५ टक्के येते. असा ट्रक जोराने ब्रेक लावताच डावीकडे ओढला जातो. एकूण ब्रेकबल पुरेसे असूनही वाहन असुरक्षित असू शकते, हे या कसोटीने लक्षात येते.

मोजमापाचे महत्त्व

ब्रेकची कार्यक्षमता म्हणजे सर्व चाकांच्या ब्रेकबलाची बेरीज भागिले वाहनाचे वजन, गुणिले शंभर. कार्यक्षमता ५० टक्के असेल तर ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लागल्यावर सुमारे २८ मीटरमध्ये थांबते. ती २५ टक्क्यांवर आली तर हेच अंतर सुमारे ५७ मीटर होते. चालकाला प्रतिसादासाठी लागणाऱ्या एका सेकंदात वाहन आणखी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या आकड्यांतील फरक हा जीवनमरणाचा असतो.

असे मोजमाप नजरेने होत नाही. महाराष्ट्रात हा विषय उच्च न्यायालयात गेला. योग्यता तपासणीसंबंधीच्या एका जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने प्रादेशिक परिवहन कार्यालयांना ब्रेक चाचणीसाठी २५० मीटर लांबीची धावपट्टी उपलब्ध करण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये अशी सोय नसलेल्या ठिकाणी योग्यता प्रमाणपत्रे देण्यास मनाई केली. धावण्यास जागाच नसेल तर ब्रेकची चाचणी झाली असे कसे म्हणावे, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

पुढचे पाऊल स्वयंचलित चाचणी केंद्रांचे आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा केंद्रांची मान्यता, नियमन व नियंत्रण यांसाठी नियम अधिसूचित केले. येथे वाहनाची चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाचे ब्रेकबल यंत्राने मोजले जाते. अवजड वाहनांसाठी ही पद्धत १ एप्रिल २०२३ पासून अनिवार्य करण्याचे प्रथम ठरले होते. केंद्रांची उभारणी पुरेशी न झाल्याने मुदत पुढे न्यावी लागली. नियम करणे आणि तो अमलात आणण्याची क्षमता उभी करणे यांतील अंतराचे हे उत्तम उदाहरण होय. यंत्राचेही दोन पथ्य आहेत. त्याचे नियमित अंशांकन झाले पाहिजे आणि ज्या वाहनाचा निकाल नोंदला जातो ते वाहन प्रत्यक्ष त्या रोलरवर आलेले असले पाहिजे. हे दोन्ही पाळले गेले नाही तर आकडे छापलेले असतील, पण विश्वसनीय नसतील.

अतिरिक्त भार : न दिसणारा दोष

ब्रेक निर्दोष असूनही अपुरा ठरू शकतो. ब्रेकबल वाहनाच्या मान्य वजनाला अनुसरून ठरविलेले असते. २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकचे कमाल मान्य वजन २५ वरून २८.५ टन करण्यात आले. या मर्यादेपलीकडे संगमरवर किंवा वाळू भरली की तेच ब्रेकबल अधिक वजनाला थोपवू पाहते, थांबण्याचे अंतर वाढते आणि उतारावर निर्माण होणारी उष्णताही त्याच प्रमाणात वाढते. कलम १९४ नुसार अतिरिक्त भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. रिकाम्या ट्रकचे पासिंग होते आणि भरलेल्या ट्रकचा अपघात होतो, ही विसंगती लक्षात घेता वजनकाटा हेही ब्रेक तपासणीचेच साधन मानले पाहिजे.

न्यायालयाची भूमिका

"अचानक ब्रेक फेल झाला, त्यात कोणाचा दोष?" हा बचाव भरपाईच्या दाव्यांत वारंवार घेतला जातो. इंग्लंडमधील हेंडरसन विरुद्ध हेन्री ई. जेन्किन्स अँड सन्स या प्रकरणात उतारावर लॉरीचे ब्रेक निकामी होऊन एका माणसाचा मृत्यू झाला. ब्रेकच्या द्रवाची नळी गंजून तिला छिद्र पडले होते आणि गंजलेला भाग नळी काढल्याशिवाय दिसत नव्हता. तरीही लॉर्ड्स सभागृहाने बहुमताने मालकांना जबाबदार धरले. लॉरीचा पूर्वीचा वापर कसा होता, तिने कोणता माल वाहिला, गंज चढण्याचे विशेष कारण होते काय, याचा पुरावा मालकांनी दिला नव्हता. गुप्त दोष होता एवढे दाखवून भागत नाही. योग्य काळजी घेतली होती हेही दाखवावे लागते.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन या मुंबईतून आलेल्या प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले. यांत्रिक दोषाचा बचाव घ्यावयाचा असेल तर दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो कळला नसता, हे सिद्ध करण्याचा भार वाहनमालकावर आहे. म्हणजे "ब्रेक फेल झाला" हे उत्तर नाही. ते सिद्ध करावयाचे विधान आहे. त्यासाठी दुरुस्तीची नोंदवही, सुट्या भागांची देयके व तपासणीचे अहवाल हाच मालकाचा खरा आधार ठरतो. योग्यता प्रमाणपत्र हा त्यातील एक पुरावा आहे. सहा महिन्यांपूर्वीचे प्रमाणपत्र आजच्या ब्रेकची हमी देत नाही.

चालकाचे स्थान

या साखळीत सर्वांत दुबळा दुवा चालकाचा आहे. ब्रेक नीट लागत नाही हे प्रथम त्याच्या पायाला कळते. परंतु खेप नाकारली तर दिवसाची कमाई जाते, कदाचित नोकरीही जाते. अपघातानंतर अटक मात्र बहुधा त्यालाच होते. कलम १९० मधील 'चालवावयास लावतो' हे शब्द कायद्याने याच परिस्थितीसाठी ठेवलेले आहेत. ते व्यवहारात उतरावयाचे असतील तर चालकाने दोष लेखी कळविण्याची आणि मालकाने तो दूर केल्याची नोंद ठेवण्याची पद्धत रूढ व्हावी लागेल. अमेरिकेत चालकाच्या अशा अहवालाची तरतूद नियमांतच आहे. भारतात ही सवय काही मोठ्या वाहतूकदारांपुरती न राहता एकच ट्रक असलेल्या मालकापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

२०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले व त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यूंचे कारण ब्रेकमधील दोष नव्हे, हे खरे. परंतु जेथे ते कारण असते तेथे ते आधी मोजता येते, आधी दिसते आणि आधी दूर करता येते. त्यासाठी काय हवे हे वरील विवेचनातून स्पष्ट होते : दोषांची श्रेणी ठरविणारी एकसमान कसोटी, प्रत्येक चाकाचे यंत्राने केलेले मोजमाप, भरलेल्या वाहनाची रस्त्यावरील तपासणी, अपघातानंतरचा तातडीचा तांत्रिक पंचनामा आणि मालकाच्या जबाबदारीची प्रत्यक्ष अंमलबजावणी.

परीक्षार्थींपैकी काही जण उद्या मोटार वाहन निरीक्षक होतील, काही प्रशासनात वा पोलीस दलात जातील. त्यांच्या टेबलावर येणाऱ्या अहवालात "ब्रेक फेल" एवढेच लिहिलेले असेल, तर त्यांनी तो अपुरा म्हणून परत पाठवावा आणि कोणता ब्रेक, किती, केव्हापासून व कोणाला ठाऊक होते, हे विचारावे.